लिनोचा तुकडा

मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या महामार्गावर, सुरतेच्या शेजारी, कडोदरा लागते. रंगाई-छपाईच्या गिरण्यांचे हे गाव. येथे साड्यांच्या छापील कापडाचे तागेच्या तागे यंत्रावरून उतरतात. खानदेशातून सुरतेच्या परिसरात पोटासाठी गेलेले कित्येक मराठी हातही कापडाच्याच धंद्यात राबत आहेत. छपाई म्हणजे माल, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही.

छपाई ही कलाही असते, याचा दाखला याच मुलखाशी निगडित आहे. ६ एप्रिल १९३० रोजी, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचलले. त्याच वर्षी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी लिनोलियमचा तुकडा कोरून ‘बापूजी’ हे चित्र छापले. काळ्या भूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हाती काठी आणि पुढे पडलेले पाऊल. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आमच्या वाचकांस ते पाऊल कोणीकडे निघाले होते, हे सांगावयास नको.

लिनोलियम ही मुळात घरातील जमिनीवर अंथरावयाची वस्तू. जवसाचे तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुगा मिसळावयाचा व तो तागाच्या कापडावर थापावयाचा, अशी तिची कृती. लाकडासारखे तिला तंतू नसतात. म्हणून हत्यार हवे तसे वळते. कोरले ते पांढरे राहते, राखले त्यास शाई लागते आणि डावे ते उजवे होऊन कागदावर उतरते. चुकून गेलेला काप मात्र पुन्हा भरून येत नाही. छापयंत्राचेही अडत नाही. चमच्याच्या पाठीने कागद घासला तरी ठसा उमटतो.

गरिबाला परवडणारी म्हणून ही कला हलकी, असा समज आमच्या कलारसिकांत आहे. तो आम्हांस मान्य नाही. बंगालच्या दुष्काळावरील ज्यांची पुस्तिका इंग्रज सरकारने नष्ट केली, ते चित्तप्रसाद पुढे अनेक वर्षे मुंबईत अंधेरीस राहिले. राबणाऱ्या मुलांची चित्रे त्यांनी लिनोवरच कोरली. १९७८ साली ते वारले. मराठी घरांत आज त्यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

आठवी-नववीच्या वर्गास कोरण्याची चार हत्यारे, शाईचा रूळ व लिनोचे तुकडे पुरतात. दुसरा हात पात्याच्या मागे ठेवण्याची ताकीद देणारा शिक्षक मात्र हवा. शिक्षण खात्याने पुढील वर्षाच्या खर्चात एवढी तरतूद करावी, आणि गणितास उसना दिलेला चित्रकलेचा तास शाळांनी परत मागून घ्यावा.