आधी अर्थ तपासा, मग ॲम्प बदला

डिकीतला वूफर गप्प झाला आणि ॲम्पवर प्रोटेक्टचा लाल दिवा लागला, की दुकानात झटकन निदान होतं: ॲम्प गेला, नवा टाका. या घाईला माझा ठाम विरोध आहे. तो दिवा ॲम्प जळाल्याचा पुरावा नव्हे. व्होल्टेज कमी पडणं, स्पीकरच्या तारा एकमेकींना किंवा बॉडीला टेकणं, ॲम्प तापणं, यांपैकी कशानेही तो लागतो. म्हणून पहिला संशय ॲम्पवर नव्हे, तारांवर घ्यायला हवा, आणि त्यातही अर्थच्या तारेवर. बॅटरीपासून येणारी जाड लाल तार सगळे कौतुकाने निवडतात. काळी तार मात्र डिकीतल्या एखाद्या बोल्टखाली, रंगावरच आवळून टाकतात. रंगातून वीज नीट जात नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत तिथे गंज चढायला वेळ लागत नाही.

यावर कारागीर म्हणतात, आम्ही मीटर लावून पाहिलं, अर्थ शून्य ओहम दाखवतो. इथेच फसगत होते. मीटर ओहम मोजताना तारेतून नाममात्र प्रवाह सोडतो, त्यामुळे एकाच धाग्यावर तग धरून असलेली तारही त्याला धडधाकट वाटते. ५०० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात वाजताना साधारण ४५ ते ५० ॲम्पियर ओढतो. जोडणीत ०.०३ ओहम जरी अडथळा असला, तरी ५० ॲम्पियरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हा अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही, कारण त्याच्या प्रोबच्या तारांचा स्वतःचा रोध याहून जास्त असतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, वूफर वाजत असताना, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपर्यंत व्होल्टेज मोजावं. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर दोष सापडला. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त तारांचीही हीच परीक्षा घ्यावी. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्यांचा रोध सुमारे दीडपट असतो.

‘पण नवा ॲम्प लावला की वाजतो ना!’ हा आक्षेप वजनदार वाटतो. वाजतो खरा, पण ॲम्प बदलताना तेच स्क्रू सैल होतात, तारांची टोकं नव्याने सोलली जातात, सांधे पुन्हा घट्ट बसतात. श्रेय जातं नव्या ॲम्पला. काही जण कपॅसिटर सुचवतात. तो क्षणिक घसरण सावरतो, पण भरतो त्याच तारांमधून. सतत वाजणाऱ्या बासला लागणारा प्रवाह शेवटी त्याच खराब सांध्यातून यावा लागतो.

दुसरा संशय भारावर. चार-चार ओहमच्या दुहेरी कॉइलचा वूफर समांतर जोडला की दोन ओहम होतो, आणि ब्रिज केलेले बरेच ॲम्प चार ओहमखाली टिकत नाहीत. गेनची खुंटी तर आवाज वाढवायची मानून शेवटपर्यंत फिरवली जाते. ती खरं तर डेकच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी असते. अती फिरवली की सिग्नल कापला जातो आणि कॉइल तापून जळते. मग दोष कंपनीला.

ॲम्प खरोखर बिघडतोही, हे नाकारण्याचं कारण नाही. स्पीकरच्या आणि सिग्नलच्या सगळ्या तारा काढून फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट ठेवावेत. प्लस आणि रिमोटला अर्थच्या तुलनेत व्होल्टेज नीट मिळत असूनही, थंड ॲम्पवर लाल दिवा कायम राहिला, तरच तो उघडावा. तेव्हाही आधी दुरुस्तीचा भाव विचारावा, कारण पॉवर सप्लायचे जळलेले मॉसफेट पुष्कळदा बदलता येतात.