१४ खालच्या गटाची बोट बंद करू नका

थोडं मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा. आधीच सांगतो, माझी पुतणी या क्लबमध्ये आहे, त्यामुळे मी पूर्ण तटस्थ नाही. पण इतकी वर्षं तालुक्याची बातमीदारी केल्यावर कुठल्या अहवालात काय गाळलंय एवढं तरी कळतं.

परवा आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात रोइंग क्लबच्या हंगामाचा अहवाल वाचला गेला. १९ वर्षांखालच्या मुलांच्या बोटीला पदक मिळालं. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. फोटो मीच काढला, बातमीही मीच दिली. १७ खालच्या गटाला दोन ओळी मिळाल्या. १४ खालच्या गटाचा उल्लेखच नाही. आणि मग चहाच्या वेळी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सहज सांगितलं, "पुढच्या जूनपासून लहान गट बंद करायचा विचार आहे. खर्च आहे, जोखीम आहे आणि पदक तर येत नाही."

तीन कारणं दिली. तिन्ही तपासून बघू.

आधी पदकाचं. यंदा ज्या चौघांच्या गळ्यात पदक पडलं, त्यातले तिघं सातवीत असताना याच लहान गटात आले होते. तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं आणि त्यांची बोटही मागेच असायची. रोइंग हा काही एका हंगामात येणारा खेळ नाही. पहिल्या वर्षी मूल शर्यत कमी आणि बाकीच्या गोष्टीच जास्त शिकतं. लांबलचक नाजूक बोट खांद्यावर कशी घ्यायची, पाण्यात कशी सोडायची, तोल कसा सांभाळायचा, उलटली तर पोहत सुटायचं नाही, बोटीलाच धरून राहायचं. यातलं काहीही प्रमाणपत्रावर छापून येत नाही. माझी पुतणी यंदाच्या शर्यतीत शेवटच्या नंबरावर आली. घरी आल्यावर म्हणाली, "काका, आम्ही शेवटी आलो, पण आज पहिल्यांदा चौघींची वल्ही एकदम पाण्यात गेली." चार जणींनी एका ठेक्यात वल्हवायला शिकण्यात त्यांचा अख्खा हिवाळा गेलाय.

दुसरं म्हणजे, या वयात एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. कोणी बारावीतल्या मुलासारखा दिसतो, कोणी पाचवीतला वाटतो. म्हणजे १४ खालच्या गटात जो जिंकतो तो बऱ्याचदा आधी वाढलेला असतो, एवढंच. तिथल्या निकालावरून गट ठेवायचा की बंद करायचा हे ठरवणं म्हणजे पेरणीच्या महिन्यात कणसं मोजण्यासारखं आहे. जागतिक ज्युनियर स्पर्धेत ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत खेळता येतं आणि अंतर असतं २००० मीटर. बाराव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलाच्या हातात तिथवर सहा वर्षं असतात. ती आपणच कापून दोन-तीनवर आणायची का?

यावर लगेच दत्तू भोकनळचं नाव पुढे येतं. आपल्याच नाशिक जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. विहिरी खोदायचं काम केलेला पोरगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे त्याने वल्हं हातात घेतलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये १३वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण जिंकला. "बघा, विशीनंतर सुरू करूनही होतंच की," असं म्हणतात. होतं, पण त्याच्या मागे सैन्य उभं होतं. राहणं, खाणं, पगार, कोच, बोट, सगळं. आपली किती पोरं सैन्याच्या रोइंग केंद्रापर्यंत पोचणार? आणि दुष्काळी भागातल्या त्या मुलाला ज्या वयात पाणी बघायला मिळत नव्हतं, त्या वयात आपल्या मुलांसमोर भरलेलं धरण आहे, याचा काही विचार करणार की नाही?

आता जोखीम. ती आहेच, नाकारत नाही. धरणात बुडून गेलेल्या मुलांच्या बातम्या मीच लिहिल्यात, त्यांच्या घरच्यांसमोर उभा राहिलोय. पण ती मुलं क्लबची नव्हती. सुट्टीत मित्रांबरोबर गेलेली, पोहता न येणारी होती. गट बंद केला म्हणून काठावरच्या गावातली मुलं पाण्याकडे जायची थांबणार नाहीत. फक्त लाइफ जॅकेट नसेल आणि सरांची मोटरबोट मागे नसेल. त्यापेक्षा नियम कडक करा. पोहण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय बोटीत पाय नाही, वारा वाढला की सराव बंद.

खर्चाचं म्हणाल तर लहान गट जुन्याच बोटी वापरतो. गट बंद केला तर वाचणार काय? मोटरबोटीचं थोडं इंधन आणि सरांचं तुटपुंजं मानधन. बोटी शेडमध्ये पडून सडतील ते वेगळंच.

खरी गळती दुसरीकडेच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या चार मुलींची एक बोट होती. आज त्या दहावीत आहेत आणि त्यातली एकच क्लबमध्ये उरलीय. बाकी तिघींच्या घरी जाऊन आलो. एकीचा पहाटेचा क्लास. दुसरीच्या आईने सरळ विचारलं, "भाऊ, तिथे कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही, अंधार पडल्यावर परतायचं. कसं पाठवू?" तिसरीला सांगितलं गेलं, रोज येणं जमत नसेल तर नाव काढ. धरण भरतं ऑगस्ट-सप्टेंबरात, चांगला सराव होतो दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत बोर्डाची गडबड. दहावीच्या पोरांनी रोज यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. उलट काही जण दहावीलाच नाव घालतात, वाढीव गुणांसाठी. त्यांना दोष देत नाही. पण गुणांसाठी आलेला राहतो आणि आवडीने आलेली जाते, हे शाळेला खटकायला नको का?

म्हणून संस्थेकडे जाहीर मागणी करतो. लहान गट चालू ठेवा. काठावर मुलींसाठी खोली आणि संडास बांधा, एका समारंभाच्या मंडपाच्या खर्चात बरंचसं काम होईल. दहावी-बारावीवाल्यांना आठवड्यातून दोन दिवस आलं तरी चालेल अशी सोय करा. आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात पदकांच्या आधी प्रत्येक गटात जूनला किती मुलं आली आणि मार्चला किती उरली, हे दोन आकडे मुला-मुलींचे वेगवेगळे वाचून दाखवा. ते आकडे मी बातमीत छापेन, चांगले असले तरी आणि वाईट असले तरी.

यंदा मीही फक्त पदकाचाच फोटो काढला, ही माझी चूक. शनिवारी संध्याकाळी शाळेत पालकांची बैठक आहे, तिथे हा विषय मांडणार आहे. आठवी-नववीतल्या मुलींच्या आयांनी जरूर यावं. मी बोलण्यापेक्षा तुम्ही बोललेलं जास्त ऐकलं जाईल.