चौल ते लिस्बन : विमानतळ जवळ आलं, पण युरोपचं तिकीट स्वस्त झालं का?

चौल-रेवदंड्याचा पोर्तुगालशी संबंध जुना आहे. सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत रेवदंड्याच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझमार्गे बोटीने चौल बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे.

आता प्रवासाची दिशा बदलली आहे. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत होमस्टे आणि कॉटेजचा धंदा वाढला. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना वर्षभर सांभाळणाऱ्या घरांना आता स्वतःही कुठेतरी पाहुणा म्हणून जावंसं वाटू लागलं आहे. त्यातच उलव्याचं नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. पेण-पनवेलमार्गे चौलहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत भरतं. मग ‘आता युरोप जवळ आला’ असं वाटणं साहजिक आहे. पण तिकिटाच्या हिशेबात हे कितपत खरं आहे?

विमानतळ जवळ, विमान मात्र लांबच

उलव्याहून सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. युरोपला जाणाऱ्या मोठ्या विमानांसाठी चौलकरांना सध्या तरी मुंबईचं सहार गाठावं लागतं. त्यामुळे नव्या विमानतळाचा फायदा आज फार तर गाडीभाड्यापुरता आहे, तोही दिल्ली किंवा बंगळुरूमार्गे जाणाऱ्यांना. रेवस-करंजा पूल पूर्ण झाला की धरमतर खाडीला पडणारा वळसा वाचेल आणि उरण-उलवे आणखी जवळ येईल. तोवर वडखळच्या वाहतूक कोंडीतला वेळ धरूनच निघावं लागणार.

तिकिटाचा दर ठरतो तो विमानतळाच्या अंतरावर नाही, तर किती मोठी विमानं किती जागा घेऊन उडतात यावर. इथे गेल्या काही वर्षांत बऱ्याच गोष्टी एकदम घडल्या. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपीय कंपन्यांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपलं आकाश भारतीय कंपन्यांना बंद केलं. जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या अपघातानंतर एअर इंडियाने मोठ्या विमानांच्या फेऱ्या काही काळ कमी केल्या. दुसऱ्या बाजूला इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला थेट सेवा सुरू केली, म्हणजे थोड्या जागा वाढल्याही.

आखाती कंपन्यांचं गणित वेगळं आहे. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारानुसार दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा आहे आणि ती गेल्या दशकभरात वाढलेली नाही. मागणी वाढते, जागा तेवढ्याच राहतात. मे महिन्यात दुबईमार्गे युरोपचं तिकीट का कडाडतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

लिस्बनच का, आणि कोणत्या वाटेने?

युरोपात लिस्बन हे तुलनेने परवडणारं राजधानीचं शहर मानलं जातं. विमानतळावरून मेट्रो थेट शहरात जाते. चौलच्या माणसाला तिथे बघण्यासारखं एक वेगळंच काही आहे : वसई, चौल, गोवा या मुलखातला पोर्तुगीज कारभाराचा कागद तिथल्या ‘तोर्रे दो तोंबो’ या राष्ट्रीय दफ्तरखान्यात जपलेला आहे. अर्थात बहुतेक लोक दफ्तरखान्यात जाणार नाहीत, ट्रामचे फोटो काढतील. त्यातही काही वावगं नाही.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल, फ्रँकफर्ट, झुरिक, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅम अशा कुठल्या तरी ठिकाणी विमान बदलावं लागतं. इथे दोन प्रकारची तिकिटं समोर येतात. पहिलं, मुंबई ते लिस्बन एकाच पीएनआरवर. दुसरं, मुंबई-ॲमस्टरडॅम एक तिकीट आणि पुढे स्वस्त युरोपीय कंपनीचं वेगळं तिकीट. स्क्रीनवर दुसरा पर्याय कधीकधी बराच स्वस्त दिसतो.

पण त्या स्वस्त तिकिटात बहुतेक वेळा फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते ऐनवेळी विमानतळावर भरले तर जास्त. त्याहून मोठा धोका म्हणजे मुंबईचं विमान उशिरा पोहोचलं आणि पुढचं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागतं. एकाच पीएनआरवर असाल तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. २३ जून २०२५ ला कतारने काही तासांसाठी आपलं आकाश बंद केलं तेव्हा हाच फरक अनेकांना महागात पडला असणार. युरोप पहिल्यांदा बघणाऱ्या कुटुंबाने, सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर नक्कीच, चार पैसे जास्त देऊन एकच पीएनआर घेतलेला बरा.

लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर आणखी सावध राहावं. ब्रिटन शेंगेनमध्ये येत नाही आणि भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही वेगळा व्हिसा लागू शकतो.

एक प्रश्न हमखास विचारला जातो : मंगळवारी रात्री किंवा ‘इन्कॉग्निटो’मध्ये शोधलं तर स्वस्त मिळतं का? याला भक्कम पुरावा नाही. एकाच विमानात एकाच वर्गाच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. खालचा गट संपला की पुढचा दर दिसतो. तुम्ही पुन्हा शोधल्यामुळे नाही, तर मधल्या वेळेत कुणीतरी त्या जागा घेतल्यामुळे किंवा कंपनीने गटांची वाटणी बदलल्यामुळे दर हलतो. उपयोगी पडते ती गुगल फ्लाइट्ससारख्या ठिकाणची महिनाभराच्या दरांची दिनदर्शिका आणि दर उतरला की येणारी सूचना. जायची तारीख तीन-चार दिवस मागेपुढे करता येणं हे कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त पैसे वाचवतं.

चौलच्या कॅलेंडरमध्ये मोकळे दिवस कोणते?

खरी अडचण इथे आहे. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर आणि मे महिना हे दिवस चौलच्या धंद्याचे. तेव्हाच शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हाच सगळा महाराष्ट्र बाहेर पडतो आणि तेव्हाच तिकीट महाग असतं. पाऊस सुरू झाला की गेटवे-मांडवा लाँच बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, घरं रिकामी होतात. पण जुलै-ऑगस्ट हा युरोपचा स्वतःचा सुट्ट्यांचा काळ. लिस्बनमध्ये तेव्हा हॉटेलं भरलेली आणि ऊनही कडक.

दोन्हीकडच्या गर्दीतून निसटणारी एक फट मात्र आहे. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, अनंत चतुर्दशी २५ ला. त्यानंतर नवरात्रापर्यंत पितृपक्ष. पितृपक्षात आपल्याकडे बरेच लोक मोठा प्रवास टाळतात, पाहुणेही कमी असतात आणि युरोपातल्या शाळा सुरू झालेल्या असतात. लिस्बनची हवा तेव्हा चांगली असते. पितृपक्षाचं वावडं नसेल, किंवा श्राद्धाची तिथी सांभाळून जाता येत असेल, तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा काळ तपासून बघण्यासारखा आहे.

तिकिटाआधी व्हिसा

स्वस्त तिकिटाच्या गप्पांत सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखांहून जास्त नाकारले गेले. म्हणजे साधारण दर सातामागे एक. जून २०२४ पासून प्रौढांसाठी ही फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. २०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा चार मोठ्या माणसांच्या घराचे ३६ हजारांहून जास्त रुपये फक्त फीमध्ये जातात. केंद्राचा सेवाशुल्क आणि विम्याचे पैसे वेगळे.

चौलसारख्या गावात अडचण कागदांची आहे. होमस्टेचे पैसे अर्धे रोख, अर्धे युपीआयवर घरातल्या कुणाच्या तरी खात्यात येतात. वाडीतल्या सुपारी-नारळाचा हिशेब वहीत असतो. उत्पन्न असतं, पण ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दिसत नाही. अर्ज तपासणारा अधिकारी वाडी बघायला येत नाही, त्याला कागद दिसतो. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून चार लाख आणून खात्यात टाकले, तर तो आकडा मदत करण्याऐवजी संशय वाढवतो. होमस्टेची नोंदणी, दोन-तीन वर्षांचे रिटर्न, महिन्याच्या महिन्याला खात्यात येणारं उत्पन्न, ही तयारी सहलीच्या वर्षभर आधी सुरू करावी लागते. युरोपच्या खर्चात कुणी सीएची फी धरत नाही, पण ती धरायला हवी.

यातूनच ‘डमी तिकीट’ विकणारे फोफावले आहेत. अर्जासोबत प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं, पूर्ण पैसे भरलेलं तिकीटच असलं पाहिजे असं नाही. काही कंपन्या थोड्या पैशांत दर आणि जागा राखून ठेवतात, किंवा रद्द करता येणारं तिकीट घेता येतं. एजंटने बनवून दिलेला, पीएनआर तपासल्यावर न सापडणारा कागद मात्र खोटं कागदपत्र ठरू शकतो, आणि तो शेरा पुढच्या अर्जालाही चिकटतो. उलट बाजूने, परत न मिळणारं स्वस्त तिकीट आधी घेऊन मग व्हिसाची वाट बघणं हाही जुगारच. म्हणून रद्द करता येणारं थोडं महाग तिकीट पहिल्या अर्जासाठी शेवटी स्वस्त पडतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ पर्यंतही जाऊ शकतो. सप्टेंबरअखेर निघायचं तर मार्चअखेरपासून दार उघडं. जून-जुलै, म्हणजे घरात पाहुणे नसतात तेव्हा, बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाणं चौलकरांना सोयीचं. ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांच्या आत सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे.

पॅकेज घेतलं तर?

पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. हा कर रिटर्न भरल्यावर समायोजित होतो, पण रिटर्नच न भरणाऱ्याला तो गेल्यातच जमा.

उतरल्यावर

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस ही नवी नोंदणी सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातात. लिस्बनला रांगा इतक्या वाढल्या की पोर्तुगाल सरकारने डिसेंबर २०२५ अखेर तिथे ही पद्धत तीन महिन्यांसाठी थांबवली. तिकीट निवडताना याचा थेट संबंध येतो. दुबईमार्गे गेलात तर ही तपासणी लिस्बनला उतरल्यावर होईल, तिथे थांबावं लागलं तरी विमान चुकत नाही. फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅममार्गे गेलात तर तपासणी तिथेच, पुढचं विमान पकडायच्या आधी. दोन विमानांमध्ये सव्वा तासच असेल तर ते स्वस्त तिकीट सोडून तीन तासांचं घ्यावं.

लिस्बनमध्ये १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला रात्रीमागे ४ युरो पर्यटक कर आहे, जास्तीत जास्त सात रात्रींसाठी. हॉटेलच्या दरात तो बऱ्याचदा धरलेला नसतो.

परतीच्या प्रवासाला मात्र युरोपचा एक नियम कामी येतो. युरोपीय संघातून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, कंपनीच्या चुकीने तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलं तर लांब पल्ल्याच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. मुंबईहून जाताना हा हक्क फक्त युरोपीय कंपनीच्या विमानालाच लागू होतो. खराब हवामान किंवा बंद आकाश अशी कारणं त्यात येत नाहीत. त्यासाठी बोर्डिंग पास आणि उशिराचा मेसेज घरी पोहोचेपर्यंत जपून ठेवावा लागतो.