उसाची नोंद आहे, तोडणाऱ्याची कुठे?



लागण झाली की ऊसनोंदीची गडबड सुरू होते. लागणीची तारीख, उसाची जात, आडसाली की खोडवा, सारे आमच्या वहीत असते. पण तो ऊस तोडणाऱ्या माणसांची नोंद ‘इतके कोयते’ एवढीच! नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे किती, शाळेत जातात काय, बाईची तब्येत कशी, याची वहीच नाही.

वहीने काय होणार, असे कोणी म्हणेल. तर इतिहास बघा. 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून कामाची हमी देण्याचा प्रयोग झाला. 1971 साली पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर व रथ यांनी देशातील दारिद्र्य आकड्यांत मांडले आणि त्यावर देशभर वाद झडला. 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, 2005 साली केंद्रानेही तीच वाट धरली. गरिबी मोजली गेली, चारचौघांत बोलली गेली, तेव्हा सरकार हलले.

आपल्या धंद्यातलेच बघा. 2019 साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढल्याच्या बातम्या छापून आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कोपीतले दुखणे तेव्हा कुठे विधिमंडळात पोचले.

काही सभासद म्हणतात, “असले आकडे छापले तर कारखान्याचीच बदनामी.” आम्हांस हे पटत नाही. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला क्षारपड जमीन काय असते हे सांगायला नको. माती तपासणीचा कागद लपवून क्षार जात नाही. कागद बघूनच चर काढावे लागतात.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या हंगामात टोळ्या उतरल्या की गट ऑफिसमार्फत प्रत्येक कोपीची एक पानी माहिती घ्यावी: पोरे, शाळा, पाणी, आजारपण, मुकादमाची उचल. त्यांच्या राजीखुशीने, नावे न छापता. बेरीज याच अंकात छापावी आणि जिल्हा परिषदेला व वर्तमानपत्रांना द्यावी. खर्च कागदाचा आणि चार दिवसांच्या फिरण्याचा.

आपला ऊस वेळेत तुटावा, अशी आपली ओरड असते. तो तोडणारे हात धड राहावेत, हीही आपलीच गरज आहे. वार्षिक सभेत यावर जरूर बोलावे, ही विनंती.