फाट्यावरची गडबड



मागच्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने आजोबांच्या चपला माळ्यावर दडवल्या. का? तर आजोबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी साचलीय आणि डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. "बाई, चाललं की रक्त जोरात धावतं. मग नळी आतून घासून आणखी बिघडणार नाही का?"

प्रश्न बिनतोड होता! एके काळी काही शास्त्रज्ञांनाही असंच वाटायचं. पण १९६९ साली लंडनच्या कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की चरबीचे पहिले थर जिथे रक्ताचं घासणं कमी, तिथेच दिसतात. म्हणजे रक्तवाहिनीला फाटे फुटतात किंवा ती वळते, तिथे.

तुम्ही म्हणाल, "ओढ्याच्या वळणावर पालापाचोळा साचतो, तसंच की!" थोडंसं तसं, पण पुरतं नाही. ओढ्याचा काठ निर्जीव. रक्तवाहिनीचं अस्तर मात्र जिवंत असतं, बरं का! ते एकाच पेशीच्या जाडीचं असतं आणि वाहत्या रक्ताचं घासणं त्याला कळतं. या पेशींच्या पापुद्र्यात पिझो-१ नावाची इवलीशी दारं असतात. ताण पडला की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि निरोप निघतो. ही दारं २०१० साली सापडली. ती शोधणाऱ्या चमूचे प्रमुख आर्डेम पटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

निरोप जातो पेशीच्या केंद्रकात, जनुकांकडे. जनुकं म्हणजे पाककृतींची वही समजा. वही प्रत्येक पेशीत तीच, पण कोणतं पान उघडायचं ते गरजेप्रमाणे ठरतं. रक्त एका दिशेने झरझर वाहत असलं, की केएलएफ-२ हे पान उघडतं. हे जनुक म्हणजे वर्गाचा मॉनिटरच! नायट्रिक ऑक्साइड वायू बनवणाऱ्या जनुकाला ते कामाला लावतं आणि दाह वाढवणाऱ्यांना गप्प बसवतं. त्या वायूने रक्तवाहिनी सैलावते.

फाट्यावर मात्र रक्त भोवरे घेतं, मागेपुढे होतं. मॉनिटर गप्प, की वर्गात गोंधळ! चिकट प्रथिनांची पानं उघडतात, पांढऱ्या पेशी चिकटून भिंतीत शिरतात, चरबी मुरते. वर्षानुवर्षे थर वाढत जातो. फाटे तर आपल्या सगळ्यांनाच असतात. पण तंबाखूचा धूर, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांची भर पडली, की गडबड वाढते.

चालण्याने, खेळण्याने रक्ताचा ओघ वाढतो आणि अस्तराला हवं ते घासणं मिळतं. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढं चालणं आजोबांच्या भल्याचंच.

दुसऱ्याच दिवशी चपला माळ्यावरून खाली आल्या. आता पठ्ठ्या रोज संध्याकाळी आजोबांचा हात धरून पारापर्यंत जातो.

तुम्हीही एक करा. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजा. मैदानाला एक फेरी मारा आणि पुन्हा मोजा. किती फरक पडला, ते मला कळवाल ना?