कुलूप पक्के, पण किल्ली हरवली तर?

जबलपूरच्या भंवरताल उद्यानात रोज सकाळी आम्हा निवृत्त मंडळींचा मेळा भरतो. गेल्या हिवाळ्यात तेथे आठवडाभर एकच विषय चालला होता. आमच्यातील एका जुन्या सहकाऱ्याचे ई-मेल खाते त्यांना उघडता येईना. ते कोणी पळवले नव्हते; उलट अधिक सुरक्षित करण्यात आले होते. सेवा देणाऱ्या कंपनीने पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी सक्तीची केली आणि सांकेतिक क्रमांक ज्या मोबाइलवर धाडला, तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडला होता. पासवर्ड त्यांना तंतोतंत आठवत होता, पण त्याचा उपयोग नव्हता. निवृत्तिवेतनाचे कागद, घराचा करार आणि परदेशातील मुलाशी झालेला पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार त्या खात्यात अडकून पडला.

तरुण मंडळी अशा तक्रारी हसण्यावारी नेतात. म्हाताऱ्यांना तंत्रज्ञान जमत नाही, हा त्यांचा ठरलेला निष्कर्ष असतो. मला तो मान्य नाही. लॉग-इनच्या नियमांत बदल झाला की लोक जे चिडून बोलतात, त्यात आळस थोडा आणि अनुभव बराच असतो. अलीकडचाच इतिहास पाहा. मोठे अक्षर, अंक, चिन्ह घालून पासवर्ड घडवावा आणि तो ठरावीक मुदतीने बदलावा, हा दंडक अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. आमच्या कार्यालयांतही तो आला, आणि त्याबरोबर संगणकाच्या पडद्याला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्याही आल्या. लोक कुरकुरत होते, वरिष्ठ शिस्तीचे धडे देत होते. २०१७मध्ये त्याच संस्थेने कारण नसता पासवर्ड बदलायला लावण्याची शिफारस मागे घेतली आणि मूळ मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनी आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणजे चौदा वर्षे कुरकुरणाऱ्यांचेच बरोबर होते.

याचा अर्थ दुसरे कुलूप नको, असा मुळीच नाही. दुहेरी खूण ही आपल्याला परकी कल्पनाही नाही. मराठी दफ्तरातील पत्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना माथ्यावरचा शिक्का आणि शेवटचे मोर्तब ठाऊक आहे. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर कोठे संपला ते कळे, म्हणजे मागाहून कोणाला एखादी ओळ घुसडता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यामागे बनावट कागदांचा खराखुरा धाक होता. आधुनिक काळातही भारत मागे राहिला नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. तेव्हा व्यापारी कंपन्यांनी ग्राहक पळेल म्हणून ओरड केली; ग्राहक पळाला नाही. गूगलने २०२१च्या अखेरपर्यंत सुमारे १५ कोटी खात्यांना परस्पर दुसरी पडताळणी लावली आणि त्या खात्यांत घुसखोरीचे प्रमाण निम्म्यावर आल्याचे पुढे जाहीर केले. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु कुलूप बदलण्याचा प्रसंग हाच चोराचाही मुहूर्त असतो, हे धोरणकर्ते विसरतात. केंद्र सरकारच्या ई-मेलसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘कवच’ नावाचे पडताळणी ॲप आणले. (रेल्वेच्या ‘कवच’ प्रणालीशी त्याचा संबंध नाही. एकच नाव दोन यंत्रणांना देऊन आपण गोंधळ का वाढवतो, हे मला सेवेत असतानाही उमगले नाही.) सक्ती झाल्यावर कर्मचारी ते ॲप शोधू लागले, आणि २०२२मध्ये उघड झाले की पाकिस्तानशी जोडल्या गेलेल्या एका हेर-टोळीने त्याच नावाच्या बनावट आवृत्त्या, जाहिराती देऊन, शोधाच्या निकालांत पेरल्या होत्या. ज्याने सुरक्षेचा आदेश निमूट पाळला, तोच जाळ्यात सापडण्याचा धोका होता.

जबलपुरात राहणाऱ्याला हे ऐकून ठगांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेचे ठाणे स्लीमनने १८३०च्या दशकात याच शहरात मांडले होते. त्याच्या वर्णनात वसाहतवादी अतिरंजन किती, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो असावा. तथापि जबान्यांतून पुन्हा पुन्हा येणारी युक्ती एकच आहे: वाट धोक्याची आहे, एकत्र जाऊ, असे सांगून वाटसरूचा विश्वास मिळवायचा. सुरक्षेचे आश्वासन हेच आमिष. आज ‘आपले खाते बंद होणार आहे, त्वरित पडताळणी करा’ असा संदेश येतो, तेव्हा तो कंपनीचा की ठगाचा, हे ओळखण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती काय आहे? खरी सूचना आणि खोटी सूचना एकाच भाषेत, एकाच घाईने बोलतात. दोष घाबरणाऱ्याचा नाही.

दुसरा प्रश्न मोबाइल नंबरचा, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. आपली सारी ओळख आपण अशा वस्तूला बांधली आहे, जी आपल्या मालकीची नाही. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही, तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामकाने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर तो दिला जाऊ शकतो, हाही त्याच वाक्याचा अर्थ. मग पहिल्या ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक एखाद्या अनोळखी खिशात वाजतो. न्यायालयाने जुनी माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी त्या वेळी ग्राहकावर सोडली. ज्या सहकाऱ्याचा मी उल्लेख केला, त्यांनी ती पुसायची तर आधी खात्यात शिरायला हवे!

त्यांनी पुढे काय केले, हे सांगण्याजोगे आहे. कंपनीच्या पानावर प्रश्नावली भरली; खाते कोणत्या महिन्यात उघडले, असा एक प्रश्न होता. उत्तर चुकले. पुन्हा भरली. ‘खाते आपलेच असल्याची खात्री पटत नाही’ असे यंत्राचे उत्तर आले. फोन करायला नंबर नाही, भेटायला कार्यालय नाही. ओळख पटवण्यासाठी आधार, पॅन, निवृत्तिवेतनाचा आदेश, सारे हातात घेऊन तो माणूस उभा होता; कोणासमोर उभे राहायचे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

कागदावर त्याला दाद आहे. माहिती-तंत्रज्ञान नियम २०२१नुसार प्रत्येक मध्यस्थ कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, २४ तासांत पोच द्यायची आणि सर्वसाधारण तक्रार ठरावीक मुदतीत निकाली काढायची. त्यावर अपील ऐकण्यासाठी २०२३मध्ये तीन समित्याही नेमल्या गेल्या. मात्र हे अपील पूर्णपणे ऑनलाइन आहे. ई-मेल हरवल्याची फिर्याद मांडायला ज्याच्याकडे दुसरा ई-मेल आणि चालू मोबाइल आहे, त्याच्यासाठीच हे दार उघडे आहे. शिवाय खाते परत मिळवून देणे ही सेवेची अट म्हणून त्या नियमांत स्पष्ट लिहिलेली नाही. ती लिहायला हवी, आणि सक्तीचा बदल करण्यापूर्वी नोंदलेला नंबर अजून ग्राहकाकडेच आहे ना, हे तपासण्याची जबाबदारी कंपनीवर टाकायला हवी.

१८७७मध्ये हुगळीचा दंडाधिकारी विल्यम हर्शेल याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मृताच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलू नये, हा त्यामागचा हेतू. शासनाला रयतेवर विश्वास नव्हता, हे उघड आहे. तरी ठसा घेणारा कारकून मेजापलीकडे बसलेला असे आणि समोरचा माणूस जिवंत आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत असे.

ती सोय आजही पूर्णपणे मोडलेली नाही. दर नोव्हेंबरात पोस्टमन आमच्याकडे यंत्र घेऊन येतो, ठसा किंवा चेहरा टिपतो आणि दहा मिनिटांत माझ्या हयातीचा दाखला सरकारदरबारी पोहोचतो. नाममात्र शुल्क लागते, ते मी आनंदाने देतो. पोस्टाची हीच सेवा मोठ्या ई-मेल कंपन्यांनी भाडे भरून वापरावी आणि ज्याचे खाते बंद पडले त्याची ओळख त्याच्या संमतीने त्याच्याच दारात पटवून घ्यावी, यात तांत्रिक अडचण मला दिसत नाही. खर्च कंपनीचा. आमचे सहकारी अजून वाट पाहत आहेत. यंदाही पोस्टमनने त्यांच्या हयातीची खात्री करून घेतली, त्यांच्या खात्याला मात्र ती पटलेली नाही.