वाट पाहण्याचे दोन आठवडे

बायपास ठरली, तेव्हापासून शस्त्रक्रियेपर्यंत मला अठरा दिवस मिळाले. ते पैशांची जुळवाजुळव करण्यात, रक्तदाते शोधण्यात आणि 'फार हालचाल करू नका' हा सल्ला पाळण्यात गेले. शस्त्रक्रियेनंतर खोकताना जीव नकोसा करणारी कळ येत होती आणि हातात तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र ठेवले गेले. 'ओढा श्वास!' चेंडू काही उठेना. परीक्षा सुरू झाली होती. अभ्यास मात्र कोणी करून घेतलाच नव्हता.

श्वास घेणे हे स्नायूंचे काम आहे, हे आपण विसरतो. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू ते करतात. छाती उघडल्यानंतर वेदनेमुळे श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. मग हे स्नायू आधीच बळकट का करू नयेत?

नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथे नेमके हेच करून पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. बायपासच्या, आणि फुप्फुसांच्या त्रासाचा धोका अधिक असलेल्या, २७९ रुग्णांपैकी निम्म्यांनी किमान दोन आठवडे, रोज वीस मिनिटे, श्वास आत घेताना विरोध करणाऱ्या छोट्या उपकरणातून सराव केला. सुरुवात स्वतःच्या कमाल जोराच्या ३० टक्क्यांपासून. पुढे हळूहळू वाढ. कफ काढण्याचे तंत्रही त्यांना शिकवले गेले. नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत ३५ टक्के रुग्णांना फुप्फुसांचा त्रास झाला, सराव केलेल्यांत १८ टक्क्यांना. न्यूमोनियाचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या जागी साडेसहा टक्के राहिले.

कोणी म्हणेल, आपला प्राणायाम आहेच की! आहे, आणि त्याचे मोल कमी नाही. पण प्राणायामात भर लयीवर असतो. येथे स्नायूंवर मोजून ओझे टाकले जाते. म्हणूनच हे उपकरण कोणी आपल्या मनाने आणून वापरू नये. हृदयरोगतज्ज्ञांची संमती आणि फिजिओथेरपिस्टची देखरेख हवीच. युट्रेक्टचे रुग्णही आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टसमोर आणि बाकीचे सहा दिवस घरी सराव करीत.

माझी मागणी मोठी नाही. शस्त्रक्रियेची तारीख देताना रक्तगट विचारला जातो, पैसे भरायची मुदत सांगितली जाते. त्याच वेळी फिजिओथेरपिस्टच्या नावाची एक चिठ्ठीही हाती पडावी. रुग्णाला वाट तर पाहावीच लागते. ते दिवस त्याच्या उपयोगी पडावेत, एवढेच.